मुलाचा नंबर चालू ठेवायचा की नाही: बडोद्यातलं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून वयं, नाती आणि काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम मात्र दिवसांच्या हिशेबाने दिला आहे, कारण या प्रकरणात सगळं त्या हिशेबावरच अडलं. मुलाच्या मृत्यूचा दिवस म्हणजे दिवस ०.

पार्श्वभूमी

दांडिया बाजारातलं, तीन पिढ्यांपासून बडोद्यात राहणारं मराठी कुटुंब. वडील ५८ वर्षांचे, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात टर्नर. आई ५१ वर्षांची, घरून पोळी-भाजीचे डबे देते. मुलगा २६ वर्षांचा, खासगी नोकरीत. मुलगी १७ वर्षांची, बारावीत. मुलगा रात्रपाळी संपवून दुचाकीवरून घरी येताना अपघातात गेला. अंत्यसंस्कार खासवाडीला झाले, अस्थी आणि दहावा चांदोदला. तेराव्यानंतर पाहुणे आपापल्या गावी गेले आणि घरात तिघंच उरली.

मुलाच्या फोनची काच तडकली होती, पण फोन चालू होता. पिन कोणालाच माहीत नव्हता. आईने तो देवघराशेजारच्या फळीवर चार्जरला लावून ठेवला आणि रोज रात्री भांडी घासून झाली की ती आपल्या फोनवरून त्याला व्हॉइस नोट पाठवू लागली. "आज पंधरा डबे गेले, मेथी होती." बहुतेक नोटा अशाच, मिनिटभराच्या. मेसेजखाली दोन राखाडी टिक उमटायच्या. पुढे समुपदेशन केंद्राच्या विद्यार्थिनीला पहिल्या भेटीत ती म्हणाली, "दहाव्याला कावळा शिवायला पाऊण तास लावला त्याने. हे मात्र लगेच पोचायचं."

हे वाक्य लक्षात ठेवायला हवं. दोन टिक म्हणजे मेसेज समोरच्या हँडसेटपर्यंत गेला, एवढाच त्याचा तांत्रिक अर्थ. फोन चालू आहे, घरचं वायफाय जोडलेलं आहे, म्हणून टिक पडत होत्या. आईच्या लेखी त्याचा अर्थ वेगळा होता, आणि तो खोडून काढणं हे कोणाचंही काम नव्हतं.

सव्वा महिन्याच्या सुमारास, दिवस ३८ ला, घराची साफसफाई करताना चार्जरचा प्लग निघाला. रात्रीत बॅटरी संपली. सकाळी फोन पुन्हा सुरू केला तर त्याने पिन मागितला. अँड्रॉइड फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की पहिल्यांदा पिन टाकल्याशिवाय आतली माहिती खुली होत नाही, फिंगरप्रिंटही चालत नाही. त्यामुळे आतलं व्हॉट्सअॅप मेसेज घेईना. त्या रात्रीपासून एकच टिक. आईचं जेवण त्याच आठवड्यात सुटलं. घरात कोणालाही या दोन गोष्टींचा संबंध लागला नाही.

प्रकरण कसं आलं आणि काय अडलं होतं

दिवस ५२ ला मुलीच्या वर्गशिक्षिकेने एका कुटुंब समुपदेशन केंद्राला कळवलं: मुलगी वर्गात झोपते, विचारलं तर "आईजवळ जागी असते" म्हणते. केंद्रात एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आठवड्यातून दोन दिवस फील्डवर्कला येत असे. प्रकरण तिच्याकडे गेलं. केंद्राचा इनटेक फॉर्म, म्हणजे नवं प्रकरण घेताना भरायचा फॉर्म, चार पानी होता. त्यात उत्पन्न, आजार, व्यसन, नातेसंबंध सगळं होतं, पण मृताच्या फोनबद्दल, नंबरबद्दल एकही रकाना नव्हता. पहिल्या भेटीत, म्हणजे दिवस ५५ ला, फोनचा विषय आईने स्वतः काढला म्हणून निघाला.

तिघांच्या मनात तीन वेगळ्या गोष्टी होत्या. वडिलांना सिम बंद करून, फोन फॉरमॅट करून मुलीला अभ्यासासाठी द्यायचा होता. "हे बोलणं थांबलं पाहिजे, नाहीतर हिचं डोकं फिरेल," हे त्यांचं म्हणणं. आईला फोन "पहिल्यासारखा" करून हवा होता. बाजारातल्या एका मोबाइलवाल्याने लॉक तोडून देतो म्हणून सांगितलंही होतं. मुलीने काही मागितलं नाही. विद्यार्थिनी निघताना जिन्यात तिने सांगितलं की दादाचं इन्स्टाग्राम घरच्या लॅपटॉपवर अजून उघडं आहे, आणि त्यात एका मुलीचे मेसेज रोज येतात, जिच्याबद्दल घरात कोणालाच माहिती नाही. "दाखवू का?"

विद्यार्थिनीने बघायला नकार दिला. "ते मला नको दाखवूस. पण ते एकटीने सांभाळणं जड जातंय का, ते आपण बोलू." हा निर्णय बरोबर होता. गेलेल्या माणसाचे मेसेज वाचायची परवानगी द्यायला तो माणूस नाही, आणि पलीकडच्या मुलीलाही कोणी विचारलेलं नाही. बहिणीचं ओझं हलकं करायला मेसेज वाचण्याची गरज नसते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय वडिलांचा, फॉरमॅट करण्याचा. तो लगेच बाजूला ठेवला गेला, पण भावनिक कारणाने नाही. अपघाताच्या भरपाईचा दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) नुसार अपघातापासून ६ महिन्यांत दाखल करायचा असतो, आणि त्या रात्री मुलगा कुठून किती वाजता निघाला, शेवटचा कॉल कधी झाला, याची नोंद त्याच फोनमध्ये असू शकते. वडिलांनाही हे कारण पटलं. "आईच्या मनाचा विचार करा" असं सांगितलं असतं तर ते अडून बसले असते.

दुसरा, मोबाइलवाल्याकडून लॉक तोडून घेण्याचा. पिन नसताना दुकानात जे होतं त्याला 'लॉक तोडणं' म्हणतात खरं, पण ते बहुतेक वेळा फॅक्टरी रीसेट असतं. फोन उघडतो आणि आतलं सगळं पुसलं जातं. वर सुरू करताना तो जुनं गूगल खातं मागतो, म्हणजे पासवर्ड नसेल तर फोनही वापरता येत नाही. आईला हे कोणीच सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, कुलूप तुटेल आणि आत सगळं जसंच्या तसं असेल.

तिसरा, काहीच न करण्याचा. वरवर हा सर्वात सौम्य वाटतो, पण काही न केलं तरी तारखा थांबत नाहीत. मुलाचा ८४ दिवसांचा रिचार्ज मृत्यूच्या तीन आठवडे आधी केलेला, म्हणजे दिवस ६३ ला संपणार. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांप्रमाणे ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर प्रीपेड नंबर बंद करता येतो, आणि बंद झाल्यावर किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. व्हॉट्सअॅपचं खातं साधारण १२० दिवस निष्क्रिय राहिलं की पुसलं जातं. म्हणजे वर्षश्राद्धाच्या आत कधीतरी मुलाच्या नंबरावर एखाद्या अनोळखी माणसाचा फोटो दिसण्याची शक्यता होती. तेरावा, मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध हे घराचं पंचांग आणि ६३, ९०, १२० हे कंपन्यांचं पंचांग. दुसरं कुणीच घरात भिंतीवर लावलेलं नव्हतं.

चौथा, नंबर जिवंत ठेवायचा आणि बाकीचं सावकाश ठरवायचं. तिघांनाही हा मान्य झाला. नंबर निदान वर्षश्राद्धापर्यंत राहू दे, असं वडीलही म्हणाले.

दिवस ६२: चूक कुठे झाली

रिचार्ज संपायला एक दिवस उरला होता. विद्यार्थिनीने फोनवर सांगितलं, "सिम काढून दुसऱ्या चालू फोनमध्ये घाला आणि रिचार्ज करा." सल्ला चुकीचा नव्हता, अर्धवट होता. कोणत्या फोनमध्ये, आणि त्यात काय करायचं नाही, हे त्यात नव्हतं.

सिम थोरल्या पुतण्याने आपल्या फोनमध्ये घातलं. रिचार्ज केला. मग "काय आहे ते बघू" म्हणून आपल्या व्हॉट्सअॅपमध्ये तो नंबर दुसरं खातं म्हणून जोडला. ओटीपी आला, कारण सिम त्याच्याच हातात होतं. मुलाने टू-स्टेप पिन (ओटीपीनंतर मागितला जाणारा वेगळा पिन) लावलेला नव्हता, त्यामुळे अडथळाही आला नाही. खातं जोडलं जाताच न पोचलेले मेसेज येऊ लागले. दिवस ३८ पासूनच्या आईच्या ३१ व्हॉइस नोटा त्याच्या फोनवर उतरल्या. व्हॉट्सअॅप न पोचलेला मेसेज ३० दिवसांपर्यंत धरून ठेवतं, आणि इथे अजून २४ च दिवस झाले होते.

त्या वेळी आई पोळ्या लाटत होती. फोन ओट्यावर होता. एकेक करत सगळ्या टिक दोन झाल्या. नावाखाली 'ऑनलाइन' आलं. मग एका नोटेवरचं माइकचं चिन्ह निळं झालं, कारण पुतण्याने ती लावून ऐकली होती. आईने वडिलांना हाक मारली ती "त्याने ऐकलं" अशी. खरं काय ते कळायला जवळजवळ तासभर गेला. तव्यावरची पोळी जळून काळी झाल्याचं मुलीने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याने विद्यार्थिनीला एक नोट फॉरवर्ड केली. सोबत लिहिलं होतं: "ताई, काकू यात म्हणतात मलाही तुझ्याकडे यायचंय. काय करू?"

सर्वात कठीण निर्णय

ही नोट आईने विद्यार्थिनीसाठी बोललेली नव्हती. ती मुलासाठी होती, आणि एका चुकीमुळे बाहेर आली होती. पण जिवाला धोका असू शकतो असं कळल्यावर 'मला कळलंच नाही' असं धरून चालता येत नाही. विद्यार्थिनीने नोट लावून ऐकली नाही. पंधरा मिनिटांत सुपरवायझरला फोन केला. ठरलं ते असं: त्याच दिवशी घरी जायचं, आईला एकटीला भेटायचं, माहिती कशी कळली ते आधी सांगायचं, माफी मागायची, आणि मग आडवळण न घेता विचारायचं.

"काकू, तुमची एक नोट चुकून माझ्यापर्यंत आली. मी ऐकली नाही, पण तुम्ही काय म्हणालात ते मला सांगितलं गेलं. ते व्हायला नको होतं. आता सरळच विचारते: जीव द्यावा असं मनात येतं का?"

"येतं. पण हिची बारावी आहे."

पुढचे प्रश्न ठरलेले असतात आणि ते विचारलेच पाहिजेत: कसं, कधी याचा विचार झाला आहे का, आधी कधी प्रयत्न झाला आहे का, हाताशी साधन काय आहे. योजना नव्हती, पूर्वी प्रयत्न नव्हता. झोप तीन-चार तास, रात्रीचं जेवण बंद. घरातल्या रक्तदाबाच्या गोळ्या वडिलांच्या ताब्यात दिल्या. आईची बहीण दहा दिवस राहायला आली, म्हणजे रात्रीची राखण १७ वर्षांच्या मुलीकडून निघाली. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आईच्या आणि मावशीच्या फोनमध्ये सेव्ह करून, एकदा लावून दाखवला. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत विद्यार्थिनी सोबत गेली. तिथे नैराश्याची तपासणी होऊन औषध सुरू झालं.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. रोज रात्री मुलाला व्हॉइस नोट पाठवणं हे आजाराचं लक्षण म्हणून कोणी लिहिलं नाही. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराचं निदान किमान ६ महिने गेल्याशिवाय करता येत नाही, आणि तेव्हाही समाजाच्या रीतीच्या पलीकडे ते जातंय का हे बघायचं असतं. ज्या समाजात पितरांना पानावर वाढून हाक मारली जाते, तिथे गेलेल्याशी बोलणं रीतीत बसतं. काळजीचा विषय झोप, जेवण आणि ते एक वाक्य होतं.

त्यानंतर काय केलं

पुतण्याच्या फोनमधून खातं काढलं, नोटा त्याच्यासमोर पुसल्या, विद्यार्थिनीनेही फॉरवर्ड आलेली नोट पुसली. सिम एका साध्या बटणांच्या फोनमध्ये घातलं, ज्यात व्हॉट्सअॅप चालतच नाही. महिन्यातून एकदा त्यावरून वडिलांच्या फोनवर कॉल करायचा, म्हणजे वापर नोंदला जातो. गेलेल्या माणसाच्या नावावर सिम चालवत राहणं बरोबर नाही, म्हणून मृत्यूचा दाखला आणि वारसाची केवायसी देऊन ते तिसऱ्या महिन्यात आईच्या नावावर करून घेतलं.

सिम हातात आहे म्हणून त्याचं यूपीआय चालू करून पैसे काढायचे नाहीत, हेही स्पष्ट सांगावं लागलं. बँकेत नॉमिनीने दाखला देऊन दावा करायचा. पीएफचं काम मुलाच्या ओटीपीवाचून अडणार अशी वडिलांची समजूत होती. मृत्यूच्या दाव्यात फॉर्म २० (पीएफची रक्कम), १०-डी (पेन्शन) आणि ५-आयएफ मिळून एकच संयुक्त फॉर्म नॉमिनीकडून भरला जातो. त्यातला ५-आयएफ हा विम्याचा, कमाल ७ लाखांपर्यंतचा. त्याच्याबद्दल वडिलांनी ऐकलेलंच नव्हतं.

मुलाचा आवाज आईच्या फोनमध्ये होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याने तिला पाठवलेल्या नोटा तिच्याच फोनच्या 'व्हॉट्सअॅप व्हॉइस नोट्स' फोल्डरमध्ये, आठवड्यांच्या क्रमांकांनी, ओपस या प्रकारच्या ऑडिओ फाइलच्या रूपात पडून होत्या. मुलीने एका दुपारी त्या लॅपटॉपवर काढल्या. आलेल्या २१४ पैकी १९ वाजेनात. त्यांच्या फाइली फोनमध्ये उरल्याच नव्हत्या, आणि आता सर्व्हरवरही नव्हत्या. उरलेल्या एमपी३ करून दोन पेनड्राइव्हवर घेतल्या, एक घरात आणि एक मावशीकडे. ओपस फाइल घरच्या टीव्हीवर चालत नव्हती म्हणून हा खटाटोप. आईने त्यातली एकच लावायला सांगितली: "आई, उद्या भेंडी नको देऊस, कालची चिकट झाली होती."

इन्स्टाग्रामचं खातं मृत्यूचा पुरावा देऊन स्मरणार्थ करून घेतलं. असं केलं की त्यात कोणालाही लॉगिन करता येत नाही, हे आधी मुलीला सांगून तिच्याशी दोन भेटी बोलणं झालं. त्या दुसऱ्या मुलीला तिने स्वतःच्या खात्यावरून कळवलं. दादाच्या खात्यावरून उत्तर द्यायचं नाही, हा त्या दोन भेटींतला सर्वात महत्त्वाचा मुद्दा. आई-वडिलांना विद्यार्थिनीने काही सांगितलं नाही. कोणाला धोका नव्हता, त्यामुळे सांगण्याचं कारणही नव्हतं.

चौथ्या महिन्यात पुतण्याने आणखी एक टूम काढली: वर्षश्राद्धाला एआयने मुलाच्या आवाजात चार वाक्यं बोलवून व्हिडिओ दाखवू. चांगल्याच हेतूने. त्याला तीन प्रश्न विचारले गेले: घरातल्या तिघांना विचारलंस का, आवाजाच्या फाइली कोणाकडे जाणार, आणि आईने उद्या पुन्हा मागितलं तर काय करणार. वडिलांनी विषय संपवला: "तो जे बोललाच नाही, ते त्याच्या तोंडी घालायचं नाही."

विद्यार्थिनी, सुपरवायझर आणि रात्री ११.४०

विद्यार्थिनीने पहिल्याच भेटीत आपला खासगी नंबर दिला होता. मुलाच्या खात्यावर एक टिक पडत राहिली तशा आईच्या नोटा तिला येऊ लागल्या, एकदा रात्री ११.४० ला. तिने उत्तरं दिली. दोन आठवड्यांत तिची झोप गेली, आणि तिच्या घरीही वर्षभरात एक मृत्यू झाला होता हे सुपरवायझरला तेव्हा कळलं. नंबर अचानक ब्लॉक करणं आईसाठी दुसरी 'एक टिक' ठरलं असतं. म्हणून एका भेटीत समोर बसून सांगितलं: यापुढे केंद्राच्या फोनवर, सकाळी १० ते ६. रात्री १४४१६. स्वतःशी बोलायचं असेल तर व्हॉट्सअॅपमध्ये 'स्वतःला मेसेज' ही सोय आहे. आईने ती वापरली. पुढे आठवड्यातून दोन-तीनच नोटा होऊ लागल्या.

दुसरी त्रुटी प्रोसेस रेकॉर्डिंगची, म्हणजे भेटीत काय बोलणं झालं याच्या सविस्तर लेखी नोंदीची. ते खऱ्या नावांनी टाइप केलेलं आणि 'लिंक असलेला कोणीही' बघू शकेल असं शेअर केलेलं होतं. वर्गाच्या ग्रुपवर चुकून ती लिंक गेली असती तर सगळं घर उघडं पडलं असतं. आता नावांऐवजी क्रमांक, आणि शेअरिंग फक्त सुपरवायझरच्या ईमेलपुरतं.

काय वेगळं करता आलं असतं

इनटेकच्या दिवशीच सहा गोष्टी विचारता आल्या असत्या: फोन कोणाकडे आहे, चालू आहे का, पिन कोणाला माहीत आहे, रिचार्ज कधी संपतो, कोणती खाती कुठे उघडी आहेत, आणि घरातलं कोण त्या नंबरशी अजून बोलतं. शेवटचा प्रश्न सर्वात अवघड, आणि तोच बहुधा सगळे टाळतात. केंद्राच्या फॉर्ममध्ये आता हे सहाही रकाने आहेत.

दिवस ६२ चा सल्ला फोनवर द्यायला नको होता. घरी जाऊन, साधा फोन बरोबर नेऊन, सिम समोर घालून द्यायला हवं होतं. वीस मिनिटांचं काम. सुपरवायझरचाही यात वाटा आहे: रिचार्जची तारीख दिवस ५५ ला कळली होती आणि आठवडाभर ती नोंदीतच राहिली.

एक प्रश्न मात्र केंद्रात अजून दोन्ही बाजूंनी बोलला जातो. ती नोट बाहेर आलीच नसती, तर आईने ते वाक्य कोणाला सांगितलं असतं का? विद्यार्थिनीने पहिल्या दोन भेटींत झोप विचारली, भूक विचारली, जिवाबद्दल विचारलं नाही. थेट विचारलं तर मनात नसलेलं भरवलं जाईल अशी भीती तिला होती. ती भीती निराधार आहे, हे वर्गात शिकवलेलं होतं. दारात चपला काढून, समोर पाण्याचा पेला घेऊन बसल्यावर ते आठवलं नाही. त्यामुळे आता फील्डवर्कला पाठवण्याआधी तो प्रश्न जोडीने, मराठीत आणि गुजरातीत, मोठ्याने विचारण्याचा सराव घेतला जातो.

वर्षश्राद्धापर्यंत

पुतण्याच्या फोनमधून खातं निघाल्यापासून १२० दिवस मोजून, सहाव्या महिन्याच्या आसपास मुलाचा डीपी दिसेनासा होईल, असं कुटुंबाला आधीच सांगितलं होतं. रावपुऱ्यातल्या एका स्टुडिओत तोच फोटो छापून घेतला होता. डीपी गेला आणि राखाडी आकृती आली तेव्हा आई दोन दिवस गप्प होती. जेवली मात्र. मुलगी बारावी झाली. आईचं औषध दहाव्या महिन्यात डॉक्टरांनी कमी केलं.

बटणांच्या फोनचा रिचार्ज वडील करतात, आणि पुढची तारीख कॅलेंडरवर स्वतः लिहून ठेवतात, तिथीच्या शेजारी. वर्ष उलटल्यावर नंबर सोडायचा का, हे त्यांना विचारलं. "बघू," म्हणाले.

हँडसेट बंदच आहे. भरपाईचा दावा मुदतीत दाखल झाला आहे, आणि तो निकाली निघेपर्यंत फोन फॉरमॅट करायचा नाही, एवढं ठरलं आहे. त्यानंतर तो मुलीला द्यायचा की फळीवरच ठेवायचा, यावर घरात अजून एकमत नाही.